भिवराईची पाठ

घाटाला डांबर ठाऊक नव्हतं आणि पायथ्याच्या आपल्या कुडवणात मोटारींच्या जागी बैलांचे तांडे थांबायचे, तेव्हाची ही गोष्ट. फार वर्षांपूर्वीची म्हणजे नेमकी किती, ते मला विचारू नका. मी माझ्या आजीला विचारलं होतं, तर ती म्हणाली, माझ्या आजीला विचार. आता तिला कुठून आणू? तेव्हा बसा गपगुमान आणि ऐका. ज्याला मोबाइल बघायचाय त्यानं तिकडं ओट्यावर जाऊन बघावा, इथं चुळबुळ नको.

तांडे यायचे बंदरावरून. मीठ, खजूर, सुकी मासळी लादून वर देशावर जायचे. घाट चढायच्या आधी प्रत्येक बैलाचे नाल बघावे लागत. एक नाल निसटला की बैल घसरलाच, आणि घसरला की गोणीसकट दरीत. म्हणून पायथ्याशी लोहाराची भट्टी होती. लोहाराचं नाव सोमा. घण मारायचा तो, आणि कातडी भाता चालवायची त्याची बायको भिवरा. आज आपण जिला भिवराई म्हणून हात जोडतो ना, तीच ही.

हात जोडतो म्हणून ती देवीसारखी शांत असेल असं समजू नका हं. चांगली दांडगी बाई. आवाज असा की भट्टीवरून हाक मारली तर ओढ्यापलीकडची म्हैस मान वर करायची. आणि धीर? नावाला नव्हता. भाकरी फुगायच्या आधीच उलटायची आणि मग भाकरीलाच शिव्या घालायची, असं म्हणतात.

तिला एकच पोर होती, ठमी. आधीची दोन पाळण्यातच गेलेली. ठमी नऊ वर्षांची झाली खरी, पण आषाढ लागला की पोरीची छाती वाजायला लागायची. मान पुढं, खांदे वर, हात गुडघ्यांवर टेकलेले, आणि श्वास काही केल्या पुरायचा नाही. ओठ जांभळे पडायचे. दर वर्षी शेजारणी कुजबुजायच्या, ही काही दसरा बघत नाही. भिवराला ते ऐकू जायचं. तिनं काय नाही केलं? अडुळसा पाजला, सुंठ चाटवली, अंगारे-धुपारे केले, दोन डोंगरांपलीकडच्या वैद्याला पाठीवर पोर घेऊन गाठलं. फरक शून्य. आख्ख्या घाटाच्या भट्टीला वारा पुरवणारी बाई, आणि घरातल्या पोरीला श्वास पुरवता येईना. भाता दाबता दाबता ती रडायची. सोमा बघायचा आणि घण जोरात मारायचा, म्हणजे रडणं लोकांना ऐकू जाऊ नये.

एका वर्षी ज्येष्ठ सरता सरता शेवटचा तांडा आला आणि त्याच्याबरोबर एक परका माणूस उतरला. विरळ दाढी, अंगात लांब बाह्यांचा अंगरखा, खांद्यावर एक गाठोडं. चीन देशातून गलबतात बसून आला होता म्हणे. त्याचं नाव कुणाच्या जिभेला झेपेना, म्हणून गाव त्याला पल्याडचा बाबा म्हणू लागलं.

आपल्या वरच्या डोंगरात लेणी आहेत, तिथं मधल्या दालनात मांडी घालून बसलेली मूर्ती आहे. आता शाळेतलं पोरगंही सांगतं की हा बुद्ध. तेव्हा कुणाला काय माहीत? गाव त्याला बसका देव म्हणायचं. बायका शेंदूर लावायच्या, गुराखी त्याच्या मांडीवर भाकऱ्या सोडून जेवायचे. पल्याडचा बाबा तिथं चढून गेला आणि गुराखी धावत खाली आले. म्हणाले, तो बाबा बसक्या देवापुढं आडवा पडलाय आणि लहान पोरासारखा हमसून रडतोय.

मग पाऊस लागला, घाट बंद झाला, तांडा निघून गेला. बाबा लेण्यातच राहिला. पावसाळ्याचे चार महिने एका जागी बसायचं, ही म्हणे त्यांची रीतच.

रोज सकाळी तो दोन घागरी घेऊन ओढ्यावर यायचा आणि भरलेल्या घागरी घेऊन ती उभी चढण चढायचा. भिवरा भट्टीतून बघायची. गावातला तरणाताठा गडी त्या चढणीला दोनदा बसतो, आणि या म्हाताऱ्याला धाप कशी नाही? चौथ्या दिवशी तिनं त्याची वाट अडवली.

"बाबा, कसली मुळी खाता? मला द्या थोडी. माझ्या पोरीला दम लागतो."

बाबा तांड्याबरोबर फिरून चार शब्द शिकला होता. म्हणाला, "मुळी नाही. मी बसतो."

"बसता म्हंजी?"

"श्वास येतो, बघतो. श्वास जातो, बघतो."

"आन मग?"

"मग पुन्हा येतो."

भिवरानं कपाळावर हात मारून घेतला. असल्या माणसाला काय विचारायचं! पण दुसऱ्या दिवशी नाचणीच्या दोन भाकऱ्या आणि लसणीची चटणी घेऊन ती लेण्यात हजर. गरज होती ना बाई. पोरीलाही कडेवर घेऊन आली. बाबानं पोरीकडं बघितलं, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "पोर नंतर. आधी तू."

झालं, तिची शाळा सुरू झाली. बसक्या देवासारखं बसायचं, श्वास मोजायचे, दहा झाले की पुन्हा एकपासून. मधेच मन कुठं गेलं तरी पुन्हा एकपासून. घणाचे शंभर घाव न चुकता मोजणारी बाई ती, पण इथं तिसऱ्या श्वासाला तिला आठवायचं की चुलीवर डाळ राहिलीय. पुन्हा एक. मग शेजारणीचं कालचं बोलणं आठवायचं. पुन्हा एक. श्रावण अर्धा संपला तरी ती पाचाच्या पुढं गेली नव्हती, असं म्हणतात. वैतागून म्हणायची, "बाबा, ह्यापरास घण मारलेला बरा!" बाबा हसायचा आणि बोटानं दाखवायचा, एक.

त्याच्या गाठोड्यात एक रेशमी फडकं होतं. त्यावर बसलेल्या माणसाचं चित्र, आणि त्या माणसाच्या अंगात काय काय काढलेलं. डोक्यात डोंगर, कण्यातून वर चढणारा ओढा, बेंबीपाशी पेटलेली चूल. भिवराला अक्षर येत नव्हतं, पण चित्र वाचायला अक्षर कशाला लागतं? ती तासन् तास बघत बसायची, विचारायची, पुन्हा बघायची. बाबा सांगायचा, मी दोन घरचं शिकलो. एक या तुमच्या देवाचं. ते इथल्याच वाटांनी फार पूर्वी आमच्या मुलखात आलं. दुसरं आमच्याकडच्या जुन्या म्हाताऱ्यांचं. ते ताओ म्हणतात, ताओ म्हणजे वाट. ते म्हातारे पाण्याकडं बघत बसायचे. पाणी जोर करत नाही, मोकळी जागा मिळेल तिकडं जातं, आणि पोचतं. तुमचा देव म्हणतो, जागी राहून बघ. आमचे म्हातारे म्हणतात, बघ, पण ढकलू नको.

"मग खरं कुनाचं?" भिवरानं विचारलं.

"तू चालतेस ती डाव्या पायानं की उजव्या?"

भिवराला एकदम रागच आला. "द्येव आमचा, शेंदूर आमी लावायचा, आन विद्या तुमच्याकडं?"

"म्हणून तर परत द्यायला आलो," बाबा म्हणाला.

आजी हे सांगताना दर वेळी थांबायची. डोळे पुसायची. मलाही त्या जागी दर वेळी काहीतरी होतं, त्याला इलाज नाही.

दसरा झाला. ठमीनं त्या वर्षी दसरा बघितला. घाट उघडला, पहिला तांडा वर निघाला आणि बाबाही निघाला. त्यानं ते फडकं भिवराच्या हातात दिलं आणि म्हणाला, "तीन पावसाळे तू बस. मग पोरीला शिकव."

तीन पावसाळे! ज्या पोरीचा पुढचा एक पावसाळा निभेल की नाही याची खात्री नाही, तिच्या आईला हा माणूस तीन पावसाळे थांब म्हणतो. तुम्ही थांबला असता? मी नसते थांबले. आणि भिवरा तर भाकरी फुगायची वाट न बघणारी. तिनं आपल्या मनाशी विचार केला, आणि विचार केला तो लोहारणीच्या डोक्यानं. चित्रात पोटामध्ये चूल आहे. चूल कशानं पेटते? वाऱ्यानं. वारा जितका जोरात तितका जाळ मोठा. म्हणजे पोरीची चूल विझत आलीय, तिला वारा कमी पडतोय. झालं तर! तिनं ठमीला भात्यासमोर बसवलं आणि भात्याच्या चालीवर छाती फुगवून श्वास ओढायला शिकवलं. थंडीत आणि उन्हाळ्यात पोर बरी असायची, तेव्हा ते जमलं. भिवरा खूश. गावभर सांगत सुटली, आता बघा माझी पोर.

आषाढात दम आला. भिवरा पुढं बसून ओरडायला लागली, "ओढ ठमे, ओढ! आजून जोरात!" पोर बिचारी आईचं ऐकणारी. ती ओढत गेली, ओढत गेली. छाती फुगून दगड झाली आणि आत जायला जागाच उरली नाही. ओठ जांभळे होते ते काळे पडले. डोळे पांढरे झाले आणि पोर आईच्या मांडीवर कोसळली.

सोमा धावत आला. जन्मात बायकोला एक शब्द न बोललेला माणूस, पण त्या दिवशी त्यानं ते फडकं भिंतीवरून ओरबाडलं आणि भट्टीत टाकलं. रेशीम ते, एका दमात गेलं. "मारलीस माझी पोर," एवढंच तो म्हणाला.

ठमी मेली नाही. कशी वाचली ते तीच जाणे. संध्याकाळपर्यंत बारीक बारीक श्वास सुरू झाला. पण भिवरानं स्वतःच्या दोन्ही गालांवर मारून घेतलं आणि त्या दिवसापासून तिचा तो मोठा आवाज जो गेला तो गेलाच.

आता बाबा नव्हता, चित्रही नव्हतं. आठवणीत जे राहिलं तेवढंच. दुसरी असती तर तिनं सोडून दिलं असतं. भिवरानं सोडलं नाही. पण आता ती पोरीसाठी काही मिळवायला बसेना, नुसती बसू लागली. पहाटे दळण झालं की लेण्यात जायची, बसक्या देवाशेजारी बसायची, मोजायची, चुकायची, पुन्हा एक. दहापर्यंत कधी पोचली ते तिलाही कळलं नाही. पुढं मोजणंही सुटलं. लोक म्हणायचे, लोहारणीला वेड लागलं. माकडं येऊन तिच्या अंबाड्यातल्या उवा बघायची आणि ती हलायची नाही, असं म्हणतात. आता उवांचं मला माहीत नाही, पण माकडं तिथं अजून आहेत.

असे दिवस गेले. मग एका सकाळी सोमा कोयत्यांना पाणी पाजत होता, म्हणजे तापवून पाण्यात बुडवत होता. त्या कामाला मंद जाळ लागतो. भिवरा भाता हळूहळू दाबत होती, आणि सवयीनं आपला श्वासही बघत होती. बघता बघता तिचा हात थांबला. जन्मभर ती भाता चालवत आली होती, पण त्यात हवा भरायचे कष्ट तिनं कधी केलेच नव्हते! कष्ट होते ते सगळे दाबून बाहेर सोडायचे. भाता नीट रिकामा झाला आणि तोंड मोकळं राहिलं की हवा आपली आपण येते. आधीच फुगलेल्या भात्यात काय भरणार, कपाळ? तिला ठमीची छाती आठवली, तट्ट फुगलेली. पोरीला श्वास कमी पडत नव्हता. आत गेलेला बाहेर येत नव्हता.

"हात का थांबला?" सोमानं विचारलं.

"मी तिला भरत व्हते," भिवरा म्हणाली. "रिकामं करायचं व्हतं." आणि ती तिथंच कोळशात बसून रडली. सोमाला अक्षर कळलं नाही, पण त्यानं घण खाली ठेवला.

बाबानं सांगितलेल्या दिवसापासून तो तिसरा पावसाळा होता.

श्रावणात झड लागली. सात दिवस सूर्य दिसला नाही. ओढा भट्टीच्या पायरीला लागला, आणि सातव्या सकाळी ठमीला असा दम आला की तसा आधी कधी आला नव्हता. बारा वर्षांची पोर, पण घाबरून आईला ढकलायला लागली. आई समोर आली की तिला ते 'ओढ, ओढ' आठवायचं. भिवरानं सांगून बघितलं, बाळा, सोड, हळू सोड. पण घाबरलेल्या माणसाला शब्द म्हणजे आणखी एक ओझं. शेजारणी दारात उभ्या होत्या. एकीनं तर तुळशीचं पान आणायला पोर पिटाळलं.

तेव्हा भिवरा बोलायची थांबली. ती पोरीच्या मागं गेली, मांडी घालून बसली आणि आपली पाठ पोरीच्या पाठीला टेकवली. बास. आणि तिनं श्वास सोडला. लांब, अगदी तळापर्यंत. मग आत येईल तेवढा येऊ दिला आणि पुन्हा सोडला. पोरीची पाठ थडथडत होती, तिला तिनं ओढलं नाही, ढकललं नाही. आपली नुसती बसून राहिली. दुसरं काही तिच्या हातात नव्हतं आणि ते तिला कळलं होतं. पोर जाईल हेही तिला दिसत होतं, तरी ती बसून राहिली.

दुपार झाली. सोमा आला आणि बाजूला बसला. दारातल्या बायका एकेक करून खाली बसल्या. असं म्हणतात, की हळूहळू त्या सगळ्यांचा श्वास एका चालीला लागला. असं म्हणतात, की भट्टीतला भाता कुणी हात न लावता उठू-बसू लागला आणि ओढ्याचं पाणी पायरीवरून मागं सरलं. वर लेण्यात गुराखी पावसाला थांबले होते. ते शपथेवर सांगत, की बसक्या देवाची दगडी छाती त्यांनी हलताना बघितली. म्हणणाऱ्यांचं तोंड कोण धरणार? मी मानते. तुम्ही मानू नका हवं तर.

दिवेलागणीला भिवराच्या पाठीला जाणवलं की मागची पाठ सैल झाली. वळून बघायचं धाडस होईना. मग ती पाठ हलली. लांब श्वास बाहेर गेला, आपोआप आत आला, आणि ठमी म्हणाली, "आये, भूक लागली."

अख्खं घर रडलं. सोमानं त्या दिवशी स्वतः भाकऱ्या थापल्या, आणि त्या कशा झाल्या होत्या ते विचारू नका.

ठमी जगली. दम तिला पुढंही लागायचा, पण आता तिला तो सोडून देता यायचा. लग्न झालं, पाच पोरं झाली, नातवंडं झाली. भिवराकडं घाटाच्या खालून-वरून माणसं यायची, म्हणायची, आम्हाला शिकवा. ती म्हणायची, "मला कुठं येतंय? बसते आपली. तुमी बी बसा." एवढीच तिची दीक्षा.

खूप म्हातारी झाल्यावर एका सकाळी ती ठमीला म्हणाली, जरा पाठीला बस गं. ठमी बसली. दोघी तशा बसून राहिल्या. आईचा श्वास बाहेर गेला, लांब, आणि परत यायची त्याला गरज वाटली नाही. ठमी उठली नाही. तिनं दुपारपर्यंत एकटीनं श्वास घेतला, दोघींचा.

तेव्हापासून आपल्या कुडवणात ही रीत आहे. त्याला आपण भिवराईची पाठ म्हणतो. बाळंतीण अडली की कुणीतरी तिच्या पाठीला बसतं. घरातला माणूस गेला आणि बाईचं रडू थांबेना, की शेजारीण काही न बोलता मागं येऊन टेकते. शेवटची घटका मोजणाऱ्याला उठवून बसवतात आणि पाठ देतात. मी सुईण आहे, चाळीस वर्षांत किती जणींच्या पाठीला बसले ते मोजलं नाही. डॉक्टरीणबाई आधी हसायच्या. आता त्याच विचारतात, मावशी, बसताय ना?

आणि तो रोग आला त्या साली? माणसं शाळेत वेगळी ठेवली होती, जवळ जायची बंदी. आमचे हे पण आत होते. हे बघा, आत्ता बसलेत सुपारी कातरत, पण तेव्हा जीभ वळत नव्हती यांची. मग आम्ही काय करणार? ज्याचा माणूस ज्या भिंतीपलीकडं, त्या भिंतीला बाहेरून पाठ लावून आम्ही व्हरांड्यात बसलो. सारा गाव बसला. पाळ्या लावून बसला. ज्यांचं आत कुणी नव्हतं तेही आले. पोलीसपाटील हाकलायला आला आणि आमच्याकडं बघून कोपऱ्यात जाऊन स्वतःच टेकला. दोघं जण गेले त्या खोल्यांतून. ते गेले तेव्हाही बाहेर कुणीतरी बसलेलं होतं.

हे अकराव्या दिवशी बाहेर आले. काठीसारखे झाले होते. मला वाटलं, काहीतरी गोड बोलतील. तर म्हणाले, "तू रोज दुपारी उठून जेवायला जायचीस ना? तेवढा वेळ भिंत गार पडायची."

नऊ इंची भिंत आहे हो ती, पक्क्या विटांची. मी म्हटलं, मग काय उपाशी बसू? आणि तिथंच शाळेच्या पायरीवर बसून मोठ्यानं रडले.